डिस्क काढली आणि ग्रंथालय अडलं

९ जून २०२५, सोमवार, सकाळचे साडेअकरा. काउंटरवर टीसी काढायला आलेली सात-आठ पोरं, प्रत्येकाच्या हातात नो-ड्यूजचा फॉर्म. माझ्यासमोर काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीतली एकच ओळ, तिचा अर्थ असा की योग्य बूट डिव्हाइस (ज्यावरून मशीन सुरू होतं ती डिस्क) निवडा आणि मशीन पुन्हा सुरू करा. कळ दाबली की तीच ओळ खाली पुन्हा उमटायची. मी ती आठ-नऊ वेळा तरी दाबली असेल.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमची देवघेव ‘कोहा’वर चालते. हे ग्रंथालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर न्यूझीलंडमध्ये तयार झालं, जानेवारी २०००मध्ये तिथे वापरात आलं, आणि माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. भेट असली तरी ती लिनक्सवरच, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मुक्त प्रणालीवरच, बसते. त्यामुळे कोहा पाहिजे तर लिनक्सशी संसार करावा लागतो. माझा तो दीड वर्ष बरा चालला होता.

मशीन २०१७चं, असेंबल केलेलं. मूळची एक टीबीची हार्ड डिस्क, त्यावर विंडोज. डिसेंबर २०२३मध्ये आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने त्यात २५६ जीबीची एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) टाकली, तिच्यावर उबुंटू २२.०४ (लिनक्सचाच एक प्रकार) आणि कोहा बसवून दिलं आणि तो पुण्याला नोकरीला गेला. जुनी डिस्क बॅकअपसाठी आत तशीच राहिली. “मॅडम, सगळं एसएसडीवर आहे, जुन्या डिस्कचं काही झालं तरी टेन्शन नाही,” असं तो म्हणाला होता. ते खरंच होतं. फक्त एक गोष्ट सोडून, आणि ती त्यालाही माहीत नव्हती.

मे महिन्याच्या अखेरीस ती जुनी डिस्क टक-टक करायला लागली. भिंतीवरचं घड्याळ सेलच्या शेवटाला आलं की काटा जागच्या जागी फडफडतो ना, तसा आवाज. उबुंटूतल्या ‘डिस्क्स’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये डिस्कची तब्येत सांगणारी स्मार्ट चाचणी असते, ती पाहिली तर खराब सेक्टरांचा आकडा तीन अंकी होता आणि दुसऱ्या दिवशी तो वाढला होता. त्याच सुमारास डेडस्टॉक रजिस्टरची, म्हणजे कॉलेजच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीची, वार्षिक पडताळणी सुरू होती. कार्यालयाने सांगितलं, नादुरुस्त असेल तर काढा, निर्लेखनाच्या (रजिस्टरमधून कमी करायच्या) यादीत घालू, पण वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागेल. म्हणून सोमवारी सकाळी मी कॅबिनेट उघडलं, दोन केबली काढल्या, चार स्क्रू काढले आणि डिस्क बाहेर घेतली. दहा मिनिटांचं काम. मशीन चालू केलं आणि ती ओळ आली.

साहजिकच पहिला विचार, डिस्क परत लावू. इथे माझी दुसरी चूक. बाहेर काढलेली डिस्क मी टेबलाच्या कडेला उभी ठेवली होती आणि केबल ओढताना ती आडवी पडली. चार बोटांचं अंतर असेल. परत लावली तर तीन वेळा खट्ट झालं आणि मग गप्प. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये, तिचं नाव दिसेना. पन्नास वेळा खराब म्हणून हिणवलेली वस्तू एकदम किती मोलाची वाटते ते तेव्हा कळलं.

“मॅडम, पोरं येऊलालेत नो-ड्यूजला, काय सांगू?” मामा दारातून विचारत होते. मामा म्हणजे आमचे ग्रंथालय परिचर. मी त्यांना जुनी वही काढायला सांगितली. प्राचार्यांना भेटून तोंडी परवानगी घेतली आणि लगेच दोन ओळींचं पत्रही दिलं (हे करून ठेवा, नंतर ऑडिटला कामी येतं): संगणक प्रणाली बंद असल्याने विद्यार्थ्याकडून हमीपत्र घेऊन बेबाकी देण्यात येईल, प्रणाली सुरू झाल्यावर पडताळणी होईल. पहिल्या दिवशी अशी १७ हमीपत्रं झाली. देवघेव हाताने, परिग्रहण क्रमांक (पुस्तकाचा नोंदणी क्रमांक) आणि तारीख लिहून.

दुपारी त्या मुलाला पुण्याला फोन लावला. तो कामावर होता, तरी बाहेर येऊन बोलला. “मॅडम, काही टाइप करू नका अगोदर. स्क्रीनचा फोटो टाका.” फोटो पाहून त्याचा पाच मिनिटांनी फोन. “बूटलोडर जुन्या डिस्कवर गेलाय वाटतं. तुमचा डेटा सलामत आहे, पण मशीनला तो कुठून सुरू करायचा हे सांगणारं कुणी राहिलं नाही.”

हे मला आमच्या भाषेत असं समजलं: पुस्तकं फळीवर जागच्या जागी आहेत, पण दारात बसून ‘तिसरी रांग, खालून दुसरा कप्पा’ सांगणारे मामाच रजेवर गेलेत. अलीकडच्या मशीनमध्ये, म्हणजे ज्यांच्या बायोसला यूईएफआय म्हणतात त्यांत, मदरबोर्ड सुरू झाला की तो डिस्कवरचा एक छोटासा फॅट पद्धतीचा कप्पा शोधतो. त्याला ईएफआय विभाजन म्हणतात. त्यात ‘ग्रब’ची फाइल असते आणि ग्रब पुढे लिनक्सला उठवतो. विंडोज बसवताना तसा कप्पा जुन्या डिस्कवर आधीच तयार झाला होता. दोन डिस्क असतील तेव्हा काही इन्स्टॉलर तुम्ही दुसरी डिस्क निवडली तरी बूटलोडर मात्र पहिल्या डिस्कवरच्या तयार कप्प्यात ठेवून देतात. सगळं चालतं, कुणाला कळत नाही. डिस्क काढेपर्यंत.

डिस्क काढण्याआधी मी टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) एक ओळ टाइप केली असती तर हा लेख झाला नसता: फाइंडएमएनटी, मग मोकळी जागा, मग स्लॅश बूट स्लॅश ईएफआय. बूटचा कप्पा कोणत्या डिस्कवर आहे ते ती ओळ सांगते. काढायच्या डिस्कचं नाव आलं तर तिथेच थांबायचं. आणि एवढं करूनही स्क्रूला हात लावण्याआधी मशीन बंद करून नुसती डिस्कची केबल काढून बघायची. सुरू झालं तर ठीक, नाही झालं तर केबल परत लावा, डिस्क अजून जिवंत आहे.

आता पेनड्राइव्हवरून उबुंटू चालवायचं होतं, त्याला लाइव्ह सेशन म्हणतात. त्यासाठीची फाइल साडेचार जीबीच्या आसपास. कॉलेजचं नेट त्या दिवशी रडत होतं. माझ्या मोबाइलचा दिवसाचा कोटा दोन जीबी. घरी जाऊन आधी माझा, मग मिस्टरांचा, मग मुलीचा हॉटस्पॉट लावला. पहिल्यांदा बदलला तेव्हा डाउनलोड पुढे सरकलं, दुसऱ्यांदा बदलला तेव्हा शून्यावर आलं. रात्री साडेअकराला मी लॅपटॉप मिटला.

मंगळवारी वटपौर्णिमा. सकाळी वडाला फेरे घालून, उपवासाच्या पोटी, गल्लीतल्या एका सरांच्या घरी लॅपटॉप घेऊन गेले. त्यांच्याकडे फायबर आहे. पाऊण तासात फाइल उतरली. वहिनींनी शाबूदाण्याची खिचडी दिली. १६ जीबीचा पेनड्राइव्ह गावातच ३८० रुपयांना मिळाला, लॅपटॉपच्या विंडोजवर ‘रूफस’ नावाच्या प्रोग्रॅमने तो तयार केला. लिनक्सवर तुमचं काही महत्त्वाचं चालत असेल तर असा एक पेनड्राइव्ह आजच करून खणात ठेवा. गरज पडते त्या दिवशी नेट नसतं.

आता माझे सगळ्यात जास्त तास ज्याने खाल्ले ते सांगते. मशीन सुरू करताना एफ११ दाबलं (कुठे एफ१२ असतं, कुठे एफ८) की बूटचा मेनू येतो. त्यात माझा एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसत होता. एका ओळीत नुसतं नाव, दुसऱ्या ओळीत नावाआधी ‘यूईएफआय’. मी आपली पहिली ओळ निवडली. उबुंटू छान सुरू झालं. मग फोनवर आलेल्या सूचनांप्रमाणे एकेक करत ‘ग्रब-इन्स्टॉल’ या ग्रब बसवायच्या आज्ञेपर्यंत पोचले आणि तिथे तक्रार आली की या जीपीटी (कप्प्यांच्या नोंदीची नवी पद्धत) डिस्कवर बायोस बूट विभाजन नाही, त्यामुळे बसवता येणार नाही. मी ते विभाजन कसं करायचं ते शोधत बसले. दोन तास. वाचत गेले तसं प्रत्येक उत्तर दुसऱ्याच गावाला नेत होतं.

चारच्या सुमारास वारं सुटलं, धूळ उडाली, मृगाचे दोन-चार थेंब पडले आणि लाईट गेली. ग्रंथालयाच्या यूपीएसची बॅटरी मागच्या दिवाळीपासूनच मेलेली. अंधारात बसून मी त्या मुलाला सगळं वर्णन करून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, मेनूत यूईएफआय लिहिलेलं निवडलं होतं का?”

नव्हतं. पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने सुरू झाला की आत चालणारं सगळं जुन्या पद्धतीनेच विचार करतं आणि जुन्या पद्धतीचाच बूटलोडर बसवायला जातं. हे तपासायची खूण सोपी आहे. लाइव्ह सेशनमध्ये सिस फोल्डरच्या आत फर्मवेअर, आणि त्याच्या आत ईएफआय नावाचं फोल्डर आहे का ते बघायचं. असेल तर तुम्ही बरोबर दारातून आलात. नसेल तर काहीही न करता बंद करा आणि पुन्हा या.

बुधवारी सकाळी पहिलं काम कार्यालयात. त्यांचा एक यूपीएस एक दिवसासाठी पाहिजे होता. ‘तात्पुरत्या स्वरूपात, सायंकाळी ५ पर्यंत’ असा अर्ज लिहून द्यावा लागला, त्यावर सही, मग शिक्का, मग शिपाई जेवून येईपर्यंत थांबा. मला त्याचा राग आला नाही. डिस्कच्या विभाजनांना हात लावताना मध्येच लाईट गेली तर काय होतं हे मला रात्रभर दिसत होतं.

यूईएफआयवाली ओळ निवडून आत गेले. टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके डॅश एफ’. कोणत्या डिस्कवर कोणते कप्पे आणि कोणत्या प्रकारचे, ते दिसतं. आदल्या वर्षाच्या माझ्या वहीत एसएसडीचं नाव ‘एसडीबी’ लिहिलेलं होतं, आता तीच ‘एसडीए’ झाली होती. ही नावं सापडतील त्या क्रमाने पडतात, एक डिस्क गेली की पुढची सरकते. म्हणून नावावर भरोसा ठेवून काही करू नका, डिस्कचा आकार आणि यूयूआयडी नावाचा लांबलचक क्रमांक बघा. माझ्या एसएसडीवर एकच कप्पा होता, एक्स्ट४ या लिनक्सच्या प्रकारचा. फॅटचा कप्पा नाहीच. म्हणजे नुसता ग्रब बसवून भागणार नव्हतं, त्याला आधी बसायला जागा करून द्यायची होती.

त्याआधी बॅकअप. कोहा रोज आपल्या डेटाबेसची एक दाबलेली प्रत व्हार फोल्डरमधल्या स्पूल, त्यातल्या कोहा फोल्डरमध्ये ठेवतं, शेवटच्या दोन दिवसांच्या. माझी पुढची स्क्रिप्ट ती उचलून जुन्या डिस्कवर टाकायची, ते सगळं गेलं. पण सोमवार सकाळची प्रत एसएसडीवर होती. ती दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवली, त्याच्यासोबत कोहाचा डेटा जिथे असतो ते माय-एसक्यूएलचं सगळं फोल्डरही. फाइल पेनड्राइव्हवर दिसली तेव्हा तीन दिवसांत पहिल्यांदा खांदे खाली आले. ३८ हजार पुस्तकांच्या नोंदी, त्यातल्या निम्म्या मी आणि मामांनी मिळून घातलेल्या.

मग ‘जीपार्टेड’, डिस्कचे कप्पे पाडायचा प्रोग्रॅम. एक्स्ट४चा कप्पा एक जीबीने लहान केला. लहान करताना शेवटाकडून करायचा. सुरुवातीकडून केला तर आतला सगळा डेटा सरकवत बसतो, वेळ लागतो आणि धोका वाढतो. मोकळ्या जागेत ५१२ एमबीचा फॅट३२ कप्पा, त्याला ‘बूट’ आणि ‘ईएसपी’ या दोन खुणा लावल्या. सगळं मिळून पाचेक मिनिटं. त्या पाच मिनिटांत मामांनी पंखासुद्धा बंद करून ठेवला होता, यूपीएसवर लोड नको म्हणून. पंखा यूपीएसवर नव्हताच, पण मी काही बोलले नाही.

पुढचा भाग ऐकायला अवघड वाटतो, करायला नाही. एसएसडीवरचं मूळ उबुंटू ‘एमएनटी’ फोल्डरवर माउंट केलं, म्हणजे जोडलं. मग त्याच्या आतल्या बूट-ईएफआय फोल्डरवर नवा छोटा कप्पा. क्रम हाच ठेवायचा, आधी मोठा मग छोटा. मग लाइव्ह सेशनमधली डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन ही चार फोल्डरं त्याच्याशी जोडायची आणि ‘सीएच-रूट’ करायचं. म्हणजे पेनड्राइव्हवरून उठलेल्या मशीनला सांगायचं की आता तू एसएसडीवरच्या घरात राहतोस असं समज. मी पहिल्यांदा जोडताना साधं ‘बाइंड’ वापरलं, तर ग्रब बसवताना ईएफआय व्हेरिएबल सापडत नाहीत अशी कुरकुर आली. सिसच्या पोटात आणखी एक जोडलेलं फोल्डर असतं, ते साध्या बाइंडने सोबत येत नाही. ‘आर-बाइंड’ वापरलं की येतं. मग ग्रब-इन्स्टॉल पुन्हा चालवलं, टार्गेट ‘एक्स८६ अंडरस्कोर ६४ डॅश ईएफआय’ असं स्पष्ट सांगून. आणि ती ओळ आली: इन्स्टॉलेशन फिनिश्ड, नो एरर रिपोर्टेड. मी फोटो काढला. लगेच ‘अपडेट-ग्रब’, म्हणजे ग्रबचा मेनू नव्याने बनवायची आज्ञा. शिवाय त्या मुलाच्या सांगण्यावरून ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय लावून एकदा परत. त्याने ग्रबची एक प्रत अशा ठरलेल्या जागी राहते, जिथे बोर्ड आपली यादी विसरला तरी शोधतोच.

बाहेर पडायच्या आधी ‘एफएसटॅब’. ईटीसी फोल्डरमधली ही फाइल, सुरू होताना कोणता कप्पा कुठे जोडायचा त्याची यादी. त्यात बूट-ईएफआयच्या ओळीत गेलेल्या डिस्कचा यूयूआयडी होता, तो काढून नव्या कप्प्याचा टाकला. फॅटचा क्रमांक छोटा असतो, चार अक्षरं, रेघ, चार अक्षरं.

रीबूट. ग्रबचा मेनू आला! मामा म्हणाले, “झालं की मॅडम.” नव्हतं झालं. पडद्यावर लाल तारे इकडून तिकडे फिरत होते आणि शेजारी दीड मिनिटाची मोजणी चालू होती, कुठल्याशा डिस्कची वाट पाहत असल्याची. दीड मिनिट संपलं आणि ‘इमर्जन्सी मोड’. देखभालीसाठी एंटर दाबा.

आदल्या दिवशी हे दिसलं असतं तर मी रडले असते. पण यावेळी ओळ वाचली. ज्या डिस्कची वाट पाहत होतं तिचा यूयूआयडी मला एव्हाना पाठ झाला होता, ती टेबलावर माझ्यासमोरच पडलेली. एफएसटॅबमध्ये मी बूटची ओळ बदलली, पण त्याच डिस्कवरच्या बॅकअपच्या कप्प्याची ओळ तशीच ठेवली होती. एंटर दाबून ‘नॅनो’ या लिहायच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली, त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशची खूण घातली (मग ती ओळ वाचली जात नाही), सेव्ह, रीबूट. बॅकअपच्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द पहिल्यापासून असता तर डिस्क नसली तरी मशीन अडून बसलं नसतं. आता नव्या ओळीत तो आहे.

दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी कोहाचं लॉगिन आलं.

तुमच्याकडे काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ असं लिहून कर्सर लुकलुकत असेल तर तुमची गोष्ट माझ्यापेक्षा थोडी वेगळी. तिथे ग्रबचा पहिला तुकडा जिवंत असतो आणि बाकीच्या फाइलींचं फोल्डर त्याला सापडत नसतं. तिथे ‘एलएस’ टाइप करून कप्पे बघायचे, ज्यात बूट-ग्रब फोल्डर आहे तो शोधायचा, ‘सेट प्रीफिक्स’ने तो दाखवून द्यायचा, मग ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि ‘नॉर्मल’. मशीन सुरू झालं तरी ते त्या एका वेळेपुरतंच. आत गेल्यावर ग्रब पक्का बसवावाच लागतो. आणि टर्मिनलची भीतीच वाटत असेल तर लिनक्स मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हमध्ये ‘बूट रिपेअर’ नावाचं साधन आधीच असतं. पण मिंटचा पेनड्राइव्हही यूईएफआयवाल्या ओळीतूनच सुरू करा.

गुरुवारी आणि शुक्रवारी मामा वाचत गेले, मी नोंदी घालत गेले. देवघेवीच्या ५३ नोंदी आणि ३१ हमीपत्रं. हमीपत्र दिलेल्यांपैकी दोघांकडे पुस्तकं निघाली. एकाने फोन केल्यावर तासाभरात आणून दिलं, दुसऱ्याचा फोन अजून बंदच आहे. एका नोंदीतला परिग्रहण क्रमांक माझ्याच अक्षरात आहे आणि मलाच लागत नाही.

नवी बॅकअपची डिस्क तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता आणि खरेदी समितीची सही होऊन २३ दिवसांनी आली, ४,६५० रुपयांची. बाहेरून लावायची घेतली, मशीनच्या पोटात आता एसएसडीशिवाय काही नाही. यूपीएसच्या बॅटरीचा प्रस्तावही त्याच फाइलला जोडून दिला होता. तो ‘पुढील सभेत’ आहे.

जुनी डिस्क निर्लेखनाला द्यायची तर त्यावर विद्यार्थ्यांची माहिती आहे, आणि ती सुरूच होत नसल्याने पुसता येत नाही. निर्लेखन समितीला तसं लिहून कळवलं, तोडून मगच भंगारात द्या म्हणून. त्यांच्या फॉर्ममध्ये ‘वस्तू सध्या कोठे आहे’ असा रकाना असतो. त्यात लिहिलंय: ग्रंथपालांच्या टेबलाचा दुसरा खण, आडवी ठेवलेली.